'सगळ्यांकडे आहे' म्हणून भावाला आयफोन हवाय, ईएमआयवर घेऊन द्यावा का?

कराडची_थोरली:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कॉलेजला आहे, फर्स्ट इयर, हॉस्टेलला राहतो. बाबांचं कराडला स्टेशनरीचं छोटं दुकान, मी पिंपरीत नोकरी करते, घरचं व्यवस्थित चाललंय पण उधळायला काही नाही. बारावीनंतर त्याला चांगला अँड्रॉइड फोन घेऊन दिला, फोनला काहीही झालेलं नाही, बॅटरी छान चालते, कॅमेरा चांगला आहे. पण दिवाळीपासून त्याचं एकच पालुपद, आयफोन पाहिजे. जुनं मॉडेल चालेल पण तोच पाहिजे. का, तर सगळ्यांकडे आहे.

मी विचारलं सगळ्यांकडे म्हणजे नक्की कोणाकोणाकडे, नावं सांग. तर बारा जणांच्या ग्रुपमध्ये चौघांकडे निघाला! मी हसण्यावारी नेणार होते पण मध्ये एकदा त्याला भेटायला गेले तेव्हा जे बघितलं त्याने पोटात कालवलं. कॅन्टीनमध्ये सगळे बसलेले, फोटो काढायची वेळ आली की आयफोनवाल्यालाच हाक मारणार, काढून झाले की ते चौघं तिथल्या तिथे एअरड्रॉप (आयफोनवरून आयफोनवर थेट पाठवायची सोय) करून घेणार, बाकीच्यांना ते फोटो रात्री व्हॉट्सॲपवर येणार, धूसर, फाटलेले. माझा भाऊ अख्खा वेळ स्वतःचा फोन खिशातून काढत नव्हता. आईचा फोन आला तेव्हा काढला, बोलला आणि मग टेबलावर मागची बाजू हाताखाली झाकून ठेवला.

आता त्याचं म्हणणं, ताई तुझ्या नावावर ईएमआय कर, नो कॉस्ट आहे म्हणजे व्याज लागत नाही, मी पार्टटाइम काम करून फेडतो. मोबाइलच्या दुकानदाराने त्याला व्यवस्थित पढवून पाठवलंय. मला पटत नाही पण नुसतं नाही म्हटलं तर हा कुठल्या तरी लोन ॲपच्या नादी लागेल ही धास्ती आहे, अठरा पूर्ण झालीयेत त्याला. हे जाहिरातवाले पोरांच्या डोक्यात नक्की भरतात तरी कसं आणि अशा पोराशी बोलायचं काय? रागावून झालंय, त्याने काहीच झालं नाही.

रोखठोक_काका:

सरळ नाही म्हणा. बापाचं दुकान चालवायला काय कष्ट पडतात हे त्याला दिसत नसेल तर सुट्टीत महिनाभर गल्ल्यावर बसवा. फोन बोलायला असतो. लाड केले की मागण्या वाढतच जातात, आज फोन, उद्या बाइक, परवा गोव्याची ट्रिप. त्या एअरड्रॉपवाचून कोणाचं काही अडत नाही.

सेकंड_इयर_हॉस्टेल:

काका, राग मानू नका पण कोणाचं अडत नाही हे तुम्ही बाहेरून बोलताय. मी अंबाजोगाईचा, पुण्यात शिकतोय, सेम सिच्युएशन मी रोज बघतो म्हणून लिहितो.

तोंडावर कोणी काही बोलत नाही हो, प्रॉब्लेम तोच आहे. 'तुझा अँड्रॉइड आहे ना, राहू दे, मी काढतो', एवढंच. बोलणाऱ्याच्या मनात पण काही नसतं. पण गावाकडनं आलेल्या पोराला आधीच शंभर गोष्टी टोचत असतात, आपण बोललो की समोरचा जरा थांबून बघतो, आपलं इंग्लिश कच्चं, कॅफेत मेनू कार्डावरचं अर्धं कळत नाही. हे सगळं बदलायला वर्षं लागतात आणि काही गोष्टी तर कधीच बदलत नाहीत. फोन, शूज, टीशर्ट ह्या गोष्टी पैसे टाकले की एका दिवसात बदलतात, म्हणून पोरगं त्याच्यामागे लागतं. जाहिरातीत तेच तर दाखवतात, पोरगा नवीन बूट घालून येतो आणि अख्खी गँग वळून बघते.

मी एफसी रोडवरनं फर्स्ट कॉपी शूज घेतले होते, लांबून अगदी ओरिजिनल. आमच्यातल्या एकाने गप्पा मारता मारता खाली वाकून माझ्या बुटाची जीभ वर केली, आतल्या लेबलवरची अक्षरं बघितली, लेस परत नीट केली आणि काही न बोलता दुसरा विषय काढला. काही न बोलता! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताईंच्या भावाने फोन हाताखाली का झाकला ते मला न सांगता कळलं.

आणि अजून एक, हे फक्त आम्ही पोरं करतो का? माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात काकांनी शेतीवर कर्ज काढलं कारण पाव्हण्यांच्यात ड्रोनवाला फोटोग्राफर होता म्हणून आपल्यात पण पाहिजे. त्याला सगळे रीत म्हणतात.

जुना_कॉपीवाला:

वरच्या दादाने लाख मोलाचं लिहिलंय. मी मुंबईत जाहिरात एजन्सीत बरीच वर्षं काढली, तरुणांच्या ब्रँड्सवर काम केलं, म्हणून ताईंच्या 'कसं भरतात' ह्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो.

ज्या जाहिरातीत वस्तूचे गुण सांगतात ती साधी जाहिरात, तिच्याशी वाद घालता येतो, कॅमेरा चांगला म्हणतायत तर दुसऱ्याचा पण बघू असं म्हणता येतं. तरुणांच्या मालाचं काम वेगळं चालतं. तिथे मीटिंगमध्ये चर्चा असते की हे वापरणारा पोरगा दिसतो कसा, त्याच्याबरोबर गाडीवर कोण बसलंय, तो आला की खोलीत काय होतं. वस्तू शेवटी दोन सेकंद. ज्याच्याकडे ती नाहीये तो पोरगा पडद्यावर बहुतेक वेळा दिसत पण नाही, पण बघणाऱ्याला तो कोण आहे ते बरोबर कळतं. अशा जाहिरातीशी वाद कसा घालणार, तिने काही दावाच केलेला नसतो.

हे आजचं नाही. ऐंशीच्या दशकातला ओनिडाचा शिंगं-शेपटीवाला सैतान ज्यांना आठवतो त्यांना 'नेबर्स एन्व्ही, ओनर्स प्राइड' ही ओळ पण आठवेल. आपल्या गोपी कुकडेंची ती कल्पना, कामगिरी म्हणून मी आजही सलाम करतो, पण तिथे टीव्हीच्या चित्रापेक्षा शेजाऱ्याची पोटदुखी विकायला ठेवली होती हेही खरं. फरक एवढाच की ती जाहिरात अख्खं घर एकत्र बघायचं, आजोबा म्हणायचे काय हा चावटपणा, विषय संपला. तुमच्या भावाला येणारी जाहिरात रात्री साडेबाराला त्याच्या एकट्याच्या स्क्रीनवर येते, त्याने एकदा कुठे फोनचं मॉडेल सर्च केलं की पुढचे कित्येक दिवस तोच फोन त्याच्या मागे मागे फिरतो, आणि बाजूला बसून 'काय हा चावटपणा' म्हणणारं कोणी नसतं.

आणि ह्याच्यापेक्षाही मला खरी काळजी वाटते ती कॅम्पस ॲम्बॅसडर प्रकाराची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपन्या कॉलेजातलीच एखादी मुलगी किंवा मुलगा हेरतात, ज्याचं चारचौघांत ऐकलं जातं असा. त्याला माल फुकट किंवा स्वस्तात, एक कूपन कोड, त्या कोडवर जेवढी खरेदी होईल त्यावर कमिशन, वर्षाच्या शेवटी रेझ्युमेला लावायला सर्टिफिकेट. फेस्टमध्ये स्टॉल, सेल्फी पॉइंट, गुडी बॅग. मग जी गोष्ट होर्डिंगवर दिसली असती ती बाकावर शेजारी बसून बोलायला लागते. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने (जाहिरातवाल्यांची स्वतःचीच नियम करणारी संस्था) २०२१ साली नियम केले की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन पोस्ट टाकली तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लेबल लावायचं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, कायद्याने दंड पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. चांगलंच आहे. पण कटिंग पिताना मैत्रीण म्हणाली 'अगं हेच घे, मी वापरते' त्याला लेबल कुठे चिकटवणार?

शेवटचं. ह्या धंद्यात पोरांना सगळ्यात जास्त वेळा सांगितलं जातं की तू वेगळा आहेस, कोणाचं ऐकू नकोस, स्वतःच्या मनासारखं जग. हे वाक्य लाखो पोरांना एकाच दिवशी सांगून एकच बूट विकतात. मला ह्याची चीड येते आणि मी ते काम सोडण्याचं हे एक कारण होतं.

सावळी_वाचक:

कॉपीवाले दादा, तुम्ही टीव्हीचं लिहिलंत, मी क्रीमचं लिहिते कारण आमच्या पिढीच्या मुलींचा आयफोन तो होता.

फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. म्हणजे माझी आई, मी आणि माझी भाची, तिघी तीच गोष्ट बघत मोठ्या झालो: सावळी मुलगी खिडकीत उदास, ट्यूब लावते, आठवडे जातात, चेहरा उजळतो, नोकरी मिळते, स्थळ मिळतं, बाप हसतो. एका जाहिरातीत तर बाप म्हणतो मुलगा असता तर बरं झालं असतं आणि पोरगी गोरी होऊन हवाईसुंदरी होते. त्यावर अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, आवाज उठवला, तेव्हा २००३ च्या सुमारास ती बंद झाली. मग २००५ मध्ये मुलांसाठी पण वेगळी क्रीम आली, फेअर अँड हँडसम, म्हणजे पोरगेही सुटले नाहीत. २०१४ मध्ये जाहिरातींच्या त्याच कौन्सिलने नियम केला की सावळ्या माणसाला दुःखी, नाकारलेलं, कमी प्रतीचं असं दाखवायचं नाही. आणि २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. पंचेचाळीस वर्षं लागली एक शब्द काढायला.

मला म्हणायचंय ते असं की गोरेपणाचं खूळ कंपनीने जन्माला घातलं नाही, वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' आधीपासून होतंच. कंपन्यांनी फक्त दुखरी जागा हेरली आणि तिच्यावर रोज बोट ठेवलं. मला बघायला पाहुणे येणार असले की शेजारच्या काकू स्वतःहून कुठलीशी ट्यूब आणून आईच्या हातात ठेवायच्या, अगदी प्रेमाने, 'आठ दिवस लावू दे हो तिला'. काकूंना कोणी कमिशन देत नव्हतं, तरी त्या त्याच कंपनीचं काम करत होत्या. आईने ती ट्यूब एकदा घेतली आणि नंतर काकूंना सांगितलं, आमची पोर अशीच आहे, पाहुण्यांना चालली तर चालली. ते वाक्य मला अजून पुरतंय.

आता माझ्या भाचीच्या शाळेत सहावीतल्या मुली सिरम आणि रेटिनॉलबद्दल बोलतात. रेटिनॉल हे सुरकुत्यांवरच्या क्रीममध्ये असतं, कोवळ्या कातडीला त्याची गरज तर नाहीच, उलट आग होते, साल निघते. पण रील्समध्ये दिसतं, मैत्रिणींकडे आहे, म्हणून पाहिजे. 'सगळ्यांकडे आहे' हे वाक्य आता अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी आलंय.

हिशोबनीस_नाशिक:

मी पैशाच्या बाजूचं सांगतो, तुमच्या भावाला हेच दाखवा, कागद-पेन घेऊन.

समजा फोन ६०,००० चा, १२ महिने नो कॉस्ट, म्हणजे महिना ५,०००. बँक फुकट कर्ज देत नाही. समजा दर वर्षाला १५ टक्के, तर ह्या हप्त्यात साधारण ४,६०० रुपये व्याज दडलेलं असतं, तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी किमतीत देते म्हणून तुम्हाला बेरीज ६०,००० च दिसते. पण क्रेडिट कार्डाच्या ईएमआयमध्ये त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो, सव्वाआठशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी आणि तिचा जीएसटी, म्हणजे हजार-अकराशे तिथेच गेले. आणि रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती सोडावी लागते, ही बरेचदा मोठी रक्कम असते आणि ती कुठल्याच कागदावर दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवू नका.

मग कव्हर, स्क्रीन गार्ड, चार्जर (२०२० पासून डब्यात येत नाही), दुकानदार गळ्यात मारतो तो इन्शुरन्स. हप्ता चुकला तर दंड आणि कर्ज तुमच्या नावावर म्हणून सिबिल (कर्ज कसं फेडता त्याचा स्कोअर) तुमचा खराब, भावाचा नाही. उद्या घरासाठी लोन काढायला गेलात की ते निघणार.

लोन ॲपची भीती खरी आहे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज घ्यायच्या आधी सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो हे एका कागदावर द्यायचं आणि विचार बदलला तर ठरलेल्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून कर्ज परत करता येतं. बँका आणि एनबीएफसींनी (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी) कळवलेल्या ॲप्सची यादी पण रिझर्व्ह बँकेच्या साइटवर आहे. यादीत नाव नाही तर त्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी चुकूनही देऊ नका, वसुलीला तेच वापरतात.

मास्तरीणबाई:

ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. ताई, तुमच्या प्रश्नातला एक आकडा सगळ्यांच्या नजरेतून निसटला, बारा जणांत चौघांकडे आयफोन. म्हणजे आठ जणांकडे नाही!

१९५१ मध्ये सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात प्रयोग केला होता. कार्डावर तीन रेघा, दुसऱ्या कार्डावर एक, तिच्याएवढी कुठली ते सांगायचं, लहान मूलही सांगेल इतकं सोपं. पण खोलीतले बाकी सगळे ॲशने आधीच शिकवून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाचं उत्तर दिलं. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कमी लोक सांगतात: गटात एक जण जरी खरं उत्तर देणारा बसवला तरी चुकीची उत्तरं एक चतुर्थांशावर आली. एकच माणूस.

तुमच्या भावाच्या ग्रुपमधले ते आठ जण प्रत्येक जण आपापला फोन खिशात लपवून बसलाय आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच. माझ्या वर्गात मी मुलांना चिठ्ठीवर नाव न घालता लिहायला लावते की फक्त दुसऱ्यांकडे आहे म्हणून तू काय मागितलंस, आणि मग चिठ्ठ्या मोठ्याने वाचते. ज्या मुलीला सगळे श्रीमंत समजतात तिची चिठ्ठी पण त्यात असतेच. वर्गातला ताण उतरलेला मला समोर दिसतो. भावाला जाहिराती कशा खोट्या हे सांगत बसू नका, त्याला ते माहीत आहे, आजकालच्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याच्या बाजूचा एक जण शोधा. रूममेटकडे कुठला फोन आहे विचारलंत का?

पेठेतला_पप्पू:

फोटोचा प्रॉब्लेम आत्ता सुटेल, व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा गूगल ड्राइव्हवर एक कॉमन फोल्डर करा. एक पण फाटणार नाही.

कराडची_थोरली:

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉस्टेलवाल्या दादाची पोस्ट मी भावाला पाठवली, बाकी काही लिहिलं नाही. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, बुटाची जीभ वर केली ते वाचून तो बराच वेळ गप्प होता आणि मग खूप बोलला, फोनबद्दल कमी आणि कॉलेजबद्दल जास्त. त्याच्या इंग्लिशच्या प्रेझेंटेशनला कोणीतरी हसलं होतं हे मला आज कळलं, ऑगस्टमधली गोष्ट.

रूममेट सोलापूरचा आहे, फोन भावासारखाच, आणि तोही ईएमआयच्याच विचारात होता! दोघांना एकमेकांचं माहीत नव्हतं. हिशोबनीस दादांचा हिशोब दोघांनी बसून केला, भावाने त्या दुकानात जाऊन सगळे चार्जेस लेखी मागितले तर दुकानदार म्हणाला असं काही देत नाही, आधी बुकिंग करा. फोन पाहिजे हे त्याने सोडलेलं नाही, मला तशी घाईही नाही, परीक्षेनंतर बोलू असं ठरलंय. ड्राइव्हचं फोल्डर मात्र केलंय त्यांनी, ते चार आयफोनवाले पण त्यात फोटो टाकतायत.

रोखठोक काका, गल्ल्यावर तो सुट्टीत बसतोच हो, दहावीपासून.

एक विचारायचंय, लेखी चार्जेस न देणाऱ्या दुकानदाराची तक्रार १९१५ वर करता येते का? कोणी केली असेल तर सांगा.

हिशोबनीस_नाशिक:

करता येते, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलू शकता, ऑनलाइन पण टाकता येते. दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, काय मागितलं आणि काय उत्तर मिळालं एवढं लिहून ठेवा. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर काही ऑफर पाठवली असेल तर तिचा स्क्रीनशॉट भावाकडून मागून घ्या, डिलीट व्हायच्या आत.